थर्टीफर्स्टची पार्टी: पाहुण्यांचे पेग यजमानाने मोजावेत का?

खडीसाखर: यंदाही सोसायटीच्या गच्चीवर थर्टीफर्स्ट आहे. माझं म्हणणं, पार्टी ठेवणाऱ्याने पेग मापाने भरावेत, जेवण साडेआठलाच लावावं आणि पिणाऱ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या आल्याआल्या ठेवून घ्याव्यात. पंगतीतल्या जिलबीसारखा 'घे रे, माझ्यासाठी एकच' असा आग्रह चालतो आपल्याकडे. जिलबी खाऊन कोणी डिव्हायडरवर चढत नाही.

बेलापूरकर: यजमान काय हवालदार आहे? सगळे पंचविशी ओलांडलेले असतात (महाराष्ट्रात व्हिस्कीला कायद्याने तेवढं वय लागतंच). ज्याचं त्याला कळतं. मी फक्त एक बिअर घेतो आणि आरामात गाडी चालवत घरी जातो.

गणितमास्तर: 'फक्त एक बिअर' जरा मोजू या. स्ट्राँग बिअर 8 टक्क्यांची, बाटली 650 मिलीची, म्हणजे शुद्ध अल्कोहोल 52 मिली. व्हिस्की 42.8 टक्के, 30 मिलीच्या पेगमध्ये जेमतेम 13. म्हणजे बेलापूरकर, तुम्ही चार पेग लावून स्टिअरिंगवर बसता! लिव्हरला एक छोटा पेग निस्तरायला साधारण तास लागतो. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ते काम लवकर उरकत नाही. आणि कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडलात तरी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

रानजाई: मला मुळात 'बेताने पिणं'च पटत नाही. आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. मोजून पाजलं तरी पाजलंच ना? आणि आम्हा न पिणाऱ्यांच्या वाट्याला कोमट कोल्ड्रिंक आणि चखण्यातले उरलेले शेंगदाणे.

खडीसाखर: रानजाई, कोल्ड्रिंकचं शंभर टक्के मान्य, यंदा ताजं कोकम सरबत ठेवतोय. पण मी नाही म्हटलं तर मंडळी खाली पार्किंगमध्ये पितील, तेही उपाशीपोटी. तिथे कोणी निपचित पडला तर 'झोपू दे' म्हणून उताणा सोडतात. उलटी श्वासनलिकेत गेली की जीव जातो. त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, हाकेला ओ देत नसेल तर 108 ला फोन. गच्चीवर निदान कोणाचं तरी लक्ष असतं.

रानजाई: म्हणजे तुम्ही बार नाही, दवाखाना चालवताय.

बेलापूरकर: मास्तर, चार पेगांचा हिशोब डोक्यात नव्हता. यंदा गाडी आणत नाही, लोकलने येतो. पण माझा पेग दुसऱ्याने मोजायचा? जमणार नाही.