शब्दचर्चा : निर्मिती, उत्पत्ती, सृष्टी

विचारणा

जग कसं झालं हे सांगणाऱ्या निरनिराळ्या संस्कृतींच्या कथांवर लेखमाला लिहायला घेतली आहे. बाबिलोन, ग्रीस, माओरी, चीन आणि आपली वैदिक सूक्तं. या सगळ्यांना मिळून एक नाव हवं. मी 'निर्मितिकथा' लिहीत होते, मैत्रीण म्हणते 'उत्पत्तिकथा' लिही. काही फरक पडतो का? शिवाय ग्रीक 'केऑस'साठीही शब्द सुचवा. 'गोंधळ' लिहिलं की मला गोंधळी आणि संबळच आठवतात.

उत्तर

फरक पडतो, आणि बराच पडतो. 'निर्मिती'त 'मा' धातू आहे, म्हणजे मापणे. मापून, आखून करायचं तर करणारा लागतो. बाबिलोनच्या कथेला हा शब्द चपखल बसतो. मार्दुक हा देव तिआमत या आदिम सागरदेवीला मारतो, सुकवायच्या मासळीसारखी उभी चिरतो आणि एका अर्ध्याचं आकाश करतो. इजिप्तचा मेंढ्याच्या तोंडाचा देव ख्नूम तर कुंभाराच्या चाकावर माणसं घडवतो. ही निर्मितीच.

आता माओरी कथा घ्या. आधी 'ते कोरे', म्हणजे काहीच नसणं. मग 'ते पो', म्हणजे रात्र. मग आकाशबाप रांगी आणि धरणीमाय पापा एकमेकांना घट्ट बिलगलेले. त्यांची मुलं मध्ये अंधारात कोंडलेली. शेवटी त्यांतला ताने पाठीवर पडून पायांनी बापाला वर रेटतो आणि उजेड आत येतो. यात घडवणारा कुठे आहे? ही वंशावळ आहे. हिला 'निर्मितिकथा' म्हटलं की कथेत नसलेला कारागीर आपण शीर्षकातून आत सोडतो.

'उत्पत्ती' म्हणजे वर येणं, उपजणं. करणारा असो वा नसो, शब्दाचं अडत नाही. महापालिका 'डासांची उत्पत्तिस्थानं' शोधते तेव्हा डास कोणी बनवले असा प्रश्न कोणी विचारत नाही. माझं मत उत्पत्तिकथेला.

दुसरं उत्तर

धातूवरून अर्थ ठरवणं मला फारसं पटत नाही. मराठीत 'प्रश्न निर्माण झाला', 'पेच निर्माण झाला' असं आपण सर्रास म्हणतो. त्यात कोण माप घेऊन बसलेलं असतं? उलट बायबलच्या मराठी भाषांतरात पहिल्या पुस्तकाचं नावच 'उत्पत्ती' आहे, आणि ती तर कर्त्याचीच कथा. तिथल्या हिब्रू 'बारा' या क्रियापदाचा साध्या रूपातला कर्ता देवाशिवाय दुसरा कोणी नसतोच. जुन्या वळणाच्या भाषांतरात देव आकाश व पृथ्वी 'उत्पन्न' करतो. आजच्या वाचकाला तिथे तहसील कचेरीतला दाखला आठवला तर त्याचा दोष नाही.

इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्सनी हा घोळ ठेवला नव्हता. 1616 साली गोव्यात राचोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच ओवीत देव आहे 'स्वर्गपृथ्वीचा रचणारा'. रचणे! इतका साधा मराठी शब्द आपण का सोडून दिला कोण जाणे.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

'निर्माण होणे'चा मुद्दा मान्य. पण 'निर्मिती' या नामाला आजही कर्ता चिकटतो: चित्रपटाची निर्मिती, वीजनिर्मिती. 'पेचाची निर्मिती' कोणी म्हणत नाही, म्हटलं तर मुद्दाम पेच घालणाऱ्याकडे बोट असतं.

'सृष्टी' मात्र राहून गेली होती. तिचा धातू 'सृज्', मूळ अर्थ सोडणे, बाहेर टाकणे. विसर्जन, विसर्ग, उत्सर्जन, निसर्ग, इतकंच काय संसर्गसुद्धा याच घरातला. म्हणजे सृष्टी ही घडवलेली वस्तू नव्हे, आतून बाहेर सोडलेली आहे. मुंडकोपनिषदातला कोळी धागा सोडतो आणि परत घेतो, तिथे क्रियापद 'सृजते'च आहे. घेणंही त्याच ओळीत आल्यामुळे पुढे प्रलयाची सोय आपोआप झाली. पुराणांच्या पाच लक्षणांत 'सर्ग'च्या, म्हणजे सृष्टी होण्याच्या, शेजारी 'प्रतिसर्ग' उभा आहे तो यामुळेच: मोडल्यावर पुन्हा होणं. तुमच्या मालेत ॲझ्टेक लोकांची पाच सूर्यांची कथा घेणार असाल, जिच्यात आधीची चार जगं नष्ट होऊन हे पाचवं आलं आहे, तर 'प्रतिसर्ग' हा तयार शब्द हाताशी ठेवा.

आणि नासदीय सूक्त पाहाच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129वं. त्यात 'कुत आजाता कुत इयं विसृष्टिः' असं विचारलंय: कुठून जन्मली, कुठून ही सोडली गेली? पुढच्याच ऋचेत 'यदि वा दधे यदि वा न', म्हणजे त्याने ती केली की नाही? तुमच्या मैत्रिणीचा आणि तुमचा वाद त्या ऋषीने आधीच घालून ठेवलाय, आणि निकाल दिलेला नाही.

केऑसबद्दल

'गोंधळ', 'अनागोंदी' दोन्ही नकोत. तो अर्थ नंतरचा. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या काव्यात केऑस सर्वांत आधी होतो, पण तिथे पसारा काहीच नाही; पसरायला अजून वस्तूच नाहीत. शब्दाचं नातं तोंड उघडण्याशी, जांभईशी आहे. मराठीत 'आ वासणे' आहेच, तेव्हा 'आ वासलेली पोकळी' लिहा. उत्तर युरोपातल्या नॉर्स कथेतल्या गिन्नुंगागापलाही हेच चालेल. त्याच पोकळीत यमिर हा राक्षस जन्मतो, पुढे त्याच्या कवटीचं आकाश आणि रक्ताचा समुद्र होतो. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताशी आणि चिनी पांगूशी जोडून वाचा, तिथेही एका देहाचंच जग होतं; मजा येईल.

विचारणारीकडून

मालेचं नाव 'उत्पत्तिकथा' ठेवते. मार्दुकच्या लेखात 'निर्मिती', वैदिक लेखात 'सृष्टी', बायबलच्या लेखात 'रचणे' वापरून बघते. एक शंका उरलीच: अंड्यातून जग निघण्याच्या कथांना वेगळा शब्द आहे का? पांगू अंड्यातून येतो, छांदोग्य उपनिषदात अंड्याच्या रुपेरी अर्ध्याची पृथ्वी आणि सोनेरी अर्ध्याचं आकाश होतं.

उत्तर

वेगळा कशाला, 'ब्रह्मांड' आहे की. ब्रह्म अधिक अंड. आपल्याला ते एरवी संकटातच आठवतं, एवढंच.