मदत हवी आहे: मांडीतली खोल गाठ, आधी बायोप्सी की थेट ऑपरेशन? (खानापूर-बेळगाव)

नमस्कार मंडळी,

मामांसाठी विचारतोय. वय ५८, खानापूर तालुक्यात भातशेती. उजव्या मांडीच्या मागे गाठ आहे. रोप लावणीच्या वेळी लिंबाएवढी होती, सुगी संपेपर्यंत मुठीएवढी झाली. दुखत नाही, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, "आवाळू हाय, राहू दे की."

सोनोग्राफीत कळलं की गाठ कातडीखालच्या चरबीत नाही, स्नायूच्या आत आहे. मग बेळगावात कॉन्ट्रास्ट (गाठ नीट दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय केला. रिपोर्टचा सारांश असा: आकार ७.४ × ५.१ × ४.८ सेंमी. बराचसा भाग चरबीसारखा दिसतो आणि फॅट सप्रेशनच्या (चरबीची चमक दाबून काढलेल्या) चित्रांत काळा पडतो. पण आत जाड पडदे आहेत, आणि खालच्या टोकाला एक घट्ट भाग आहे जो काळा पडत नाही, उलट कॉन्ट्रास्ट घेतो. हाडाला आणि सायटिक नसेला धक्का नाही. शेवटी लिहिलंय, लायपोसार्कोमाची (चरबीच्या पेशींच्या कॅन्सरची) शक्यता, बायोप्सी करावी.

ज्या सर्जनांना दाखवलं ते म्हणतात, पुढच्या आठवड्यात गाठ काढू आणि सगळीच तपासायला पाठवू. मामांना हे पटलंय, एकदाच काय ते मोकळं. मला मात्र धास्ती वाटते. ५ सेंमीपेक्षा मोठी, खोल आणि वाढणारी गाठ आधी सार्कोमा (स्नायू, चरबी अशा भागांचा कॅन्सर) धरूनच तपासायची असं वाचलंय. साधी गाठ समजून काढली आणि कॅन्सर निघाला तर कडेला पेशी राहून दुसरं, आणखी मोठं ऑपरेशन करावं लागतं.

ट्रू-कट बायोप्सीला (जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) मामी तयार नाहीत. सुई लागली की पसरतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. त्यांना काय सांगू?

दुसरं, पैशाचं. कार्ड कर्नाटकाचं बीपीएल. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, त्यात आमचं गाव आहे. अशा ऑपरेशनसाठी ती कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का? की बेंगळुरूला किदवाई कॅन्सर हॉस्पिटलात जावं? परळच्या टाटाचा विचारही मनात आहे, पण मामांना मुंबईचा प्रवास आणि तिथलं राहणं झेपेल का, ही काळजी आहे.

प्रतिसाद १
दादा, मी रेडिओलॉजीत काम करते. तारीख आधी पुढे ढकला. एमआरआय बायोप्सीच्या आधी झाला हे उत्तम, कारण सुईनंतर आत रक्त साचलं की चित्र वाचणं अवघड होतं. आता सुई कुठून घालायची ते पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवायला हवं. तो मार्ग नंतर गाठीबरोबर कापून काढता येतो, मामींना हेच समजवा. नमुना त्या घट्ट भागातूनच घ्यायला सांगा. नुसत्या चरबीतून घेतला तर रिपोर्ट साधा येईल आणि खरा आजार लपून राहील. एफएनएसीवर (बारीक सुईने पेशी ओढून तपासणं) भागवू नका, त्यात मोजक्या पेशी येतात, प्रकार ठरत नाही. बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेला नमुना) एमडीएम२ या जनुकाची फिश तपासणी होते, साधी चरबीची गाठ आणि लायपोसार्कोमा वेगळे ओळखायला ती फार उपयोगी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि गाठ चोळू देऊ नका, लेपही नको.

धीरही धरा. हातापायातली नुसती चरबीसारखी, कमी दर्जाची (लो ग्रेड, कमी आक्रमक) गाठ सहसा दूर पसरत नाही. प्रश्न त्या घट्ट भागाचा आहे. तिथे वरचा दर्जा (हाय ग्रेड, जास्त आक्रमक) निघाला तर छातीचा सीटी लागेल, कारण सार्कोमा बहुधा आधी फुप्फुसात जातो.

प्रतिसाद २ (निपाणी)
भाऊंच्या वेळी आम्ही टाटाला गेलो होतो. नुसती फिल्म नेऊ नका, एमआरआयची सीडी मागून घ्या. बायोप्सी इथे झाली तर स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकही ताब्यात घ्या, तिथले पॅथॉलॉजिस्ट परत तपासतात. योजनेचं म्हणाल तर यादीत गाव असणं पुरेसं धरू नका. ज्या दवाखान्यात जायचं तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) आधी फोन करा, आजाराचं नाव सांगून हे ऑपरेशन बसतं का आणि कागद कोणते ते विचारा.

धागाकर्ता
ताई, भाऊ, खूप आभार. उद्या सकाळीच सर्जनांना फोन करून थांबायला सांगतो. बेळगावात किंवा कोल्हापुरात सार्कोमाची ऑपरेशनं नेहमी करणारे कुणी माहीत असतील तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.