‘क्वीनशिप’ला राणीपद म्हणावं की राणीपण?

इतिहासकार जॅनेट नेल्सन यांचे मध्ययुगाच्या पूर्वार्धातल्या युरोपीय राजसत्तेवरचे लेख वाचतोय, टिपणं मराठीत काढतोय. ‘किंगशिप’ला राजपद चालून जातं. ‘क्वीनशिप’पाशी गाडी अडलीय. राणीपद? राणीपण? ‘राज्ञीत्व’ माझ्याच घशाखाली उतरत नाही.

— राज्ञीत्व नकोच हो. पण बाकीच्या दोहोंत अर्थाचा फरक आहे. राजाशी लग्न लागलं की बाई राणी झाली, असं आपण धरून चालतो. वेसेक्समध्ये, म्हणजे इंग्लंडातल्या एका जुन्या राज्यात, तसं नव्हतं. तिथल्या आल्फ्रेड राजाचा चरित्रकार ॲसर 893 मध्ये लिहितो, की इथले लोक राजाच्या बायकोला त्याच्या शेजारी बसू देत नाहीत, राणीही म्हणू देत नाहीत. कारण काय, तर पूर्वीच्या एका राजाची बायको एडबर्ग हिने दुसऱ्यासाठी कालवलेलं विष तिचा नवराही प्यायला आणि मेला. एकीचं पाप, भोगायचं पुढच्या सगळ्यांनी!

म्हणून 856 ची गोष्ट महत्त्वाची. वेसेक्सचा राजा एथेलवुल्फ याने फ्रँकांचा राजा टकला चार्ल्स याची मुलगी ज्युडिथ केली. पोर जेमतेम बारा-तेरा वर्षांची. लग्नातच आर्चबिशप हिंकमारने तिला तेलाचा अभिषेक करून मुकुट घातला. सासरी मान मिळेल की नाही याची वाट न पाहता बापाने तो माहेरूनच बांधून दिला म्हणा ना. हे राणीपद.

उलट सातव्या शतकातली बाल्थिल्ड बघा. इंग्लंडातून आणलेली दासी, पुढे फ्रँकांचा राजा दुसरा क्लोव्हिस याची बायको. तो 657 मध्ये वारल्यावर लहान मुलाच्या नावाने तिने कारभार हाकला. अभिषेक वगैरे काही नाही. मुलगा वयात आला आणि ती शेलच्या मठात गेली (गेली की धाडली, कोण जाणे). तिचं ते राणीपण.

— मग पट्टराणी? 1674 च्या राज्याभिषेकात सोयराबाई होत्याच की.

— पट्टराणी म्हटलं की सवती आल्या, त्यांतली पहिल्या मानाची ती. ज्युडिथच्या वेळी तो प्रश्नच नव्हता.

— ठीक. शीर्षकात राणीपद, बाल्थिल्डपाशी राणीपण.

— चालेल. आणि ॲसरच्या वाक्यात ‘राजाची बायको’ असंच राहू द्या. ‘राजपत्नी’ लिहिलंत तर लोकांनी तिला नाकारलेला मान तुम्हीच देऊन बसाल.