सेफ्टी शूजमुळे पायांना भयंकर वास येतोय, उपाय सांगा प्लीज

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लाजिरवाणा आहे पण विचारतोच. चाकणला एका कंपनीत शॉप फ्लोअरवर आहे, सेफ्टी शूज कंपल्सरी, ओव्हरटाइम धरला तर १२ तास पायातच असतात. रूमवर शूज काढले की पार्टनर लोक खिडक्या उघडतात, आता तर शूज जिन्यातच ठेवायचे असा नियम झालाय आणि त्यावरून खालच्या मजल्यावरच्या काकूंची पण कटकट सुरू आहे. रोज आंघोळ, सॉक्स रोज धुतो, पावडर टाकतो, शूजमध्ये डिओ मारून बघितला तर दोन्ही वास मिळून तिसराच काहीतरी तयार झाला. पावसात सॉक्स वाळत नाहीत, दमटच घालावे लागतात. परवा टाचेवर बारीक बारीक खड्डे दिसले, टाचणीने टोचल्यासारखे, पाय भिजले की जास्तच दिसतात. चिखल्या आहेत का? पण बोटांच्या बेचक्यात काही नाही, खाज पण नाही. आई म्हणते तुरटीच्या पाण्यात पाय बुडव. उपयोग होतो का?

प्रतिसाद १
चिखल्या नसाव्यात रे. त्या बहुतेक बुरशीने, बेचक्यात होतात आणि खाजतात. तू सांगतोयस ते पिटेड केराटोलिसिस वाटतंय, बॅक्टेरिया ओल्या कातडीचा वरचा थर खातात म्हणून खड्डे पडतात, आणि यात वास बहुतेकदा असतोच. मेडिकलमधून ते खाजेचं स्टिरॉइडवालं क्रीम आणून चोपडू नकोस. स्किनच्या डॉक्टरांना दाखव, क्लिंडामायसिनसारखं वरून लावायचं औषध देतात, काही आठवड्यांत जातं. शूज ओलेच राहिले तर मात्र परत येणार, मग डॉक्टरांच्या नावाने ओरडू नको.

प्रतिसाद २
नुसत्या घामाला वास जवळपास नसतोच. तळपायाला घामाच्या ग्रंथी प्रचंड, त्यात बंद बूट, मग कातडीवरचे बॅक्टेरिया घामातलं ल्यूसीन फोडून आयसोव्हॅलेरिक अॅसिड बनवतात, तो आंबूस वास त्याचा. त्यामुळे डिओने झाकून काही होत नाही, ओल कमी कर. इनसोल रोज काढून फॅनखाली ठेव, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंब, सॉक्सची एक्स्ट्रा जोडी नेऊन जेवणाच्या सुट्टीत बदल, नायलॉनचे तर घालूच नकोस. आणि बुटांच्या दोन जोड्या आलटून पालटून, एका रात्रीत सेफ्टी शूज आतून वाळत नाही, या दिवसांत तर नाहीच.
अवांतर: मलेरियाच्या डासांना पायाचा वास आणि लिंबर्गर चीजचा वास सारखाच आवडतो, यावर २००६ चं इग नोबेल (हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीशीर बक्षीस) मिळालंय. रूमवर डास तुलाच जास्त चावतात का रे?

प्रतिसाद ३
तुरटी म्हणजे अॅल्युमिनियमचाच क्षार, घाम थोडा कमी होतो, आईचं अगदीच चूक नाही. पण खड्डे त्याने जायचे नाहीत, आणि भेगा असतील तर झोंबेल. घाम फारच असेल तर अॅल्युमिनियम क्लोराइडवालं रोल-ऑन मिळतं, रात्री कोरड्या पायांना लावायचं. डॉक्टरांनाच विचार एकदा.

धागाकर्ता
धन्यवाद सगळ्यांना. डास सगळ्यांनाच चावतात हो, इथे भेदभाव नाही. गुरुवारी सुट्टी आहे, तेव्हा स्किनवाल्याकडे जातो. आता शूजचं सांगा, कंपनी एकच जोडी देते, दुसरी मी आयएसआय मार्कवाली बाहेरून घेतली तर सेफ्टीवाले गेटवर अडवतात का? कुणी घालतं का स्वतःचे?