रिडेव्हलपमेंट ग्रुप: दोन विंगमधलं अंतर

सी-१०४: सचिव साहेब, नव्या प्लॅनची पीडीएफ आत्ता उघडली. २२ मजली दोन विंग आणि मध्ये फक्त ६ मीटर? शिवाय आपण जुने मेंबर सगळे २ ते ९ मजल्यांवर, विक्रीचे फ्लॅट त्याच्या वर. हे कधी ठरलं?

सचिव: नमस्कार. विषय सभेत मांडला होता. आपण तेव्हा गावी होतात.

सी-१०४: गावी नव्हते. सासूबाई ॲडमिट होत्या, तुम्हाला माहीत आहे.

ए-५०१: पार्किंगचं काय? दर फ्लॅटला दोन हवीत.

बी-२०३: ६ मीटर काय वाईट? खिडकीतूनच साखरेची वाटी देता येईल 😄

सी-१०४: भाऊ, मागची इमारत उभी राहिल्यापासून माझ्याकडे भर दुपारी ट्यूब लावावी लागते. बेडरूमच्या भिंतीला बुरशी, धाकट्याचा खोकला पावसाळाभर जात नाही. हेच आता सगळ्यांच्या नशिबी येणार.

बी-३०१ (नाना): सूनबाई बरोबर बोलतेय. मी बीआयटी चाळीत वाढलो. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बीआयटी, आला तो याच कारणासाठी. समुद्राचं वारं गल्ल्यांत शिरावं म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढली. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता: समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी जागा मोकळी.

बी-६०२: नाना, म्हणजे २२ मजल्यांच्या ६६ मीटरला ३३ मीटर सोडायचे? बिल्डर पळून जाईल.

नाना: ३३ नको रे. १२ तरी मागशील की नाही?

ए-५०१: पार्किंग टॉवर त्याच जागेत बसतो. पार्किंगचं आधी ठरवा.

सी-३०२: आणि डक्टमधली, म्हणजे हवेसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतली, कबुतरं? ए विंगमध्ये रोज दाणे कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे.

ए-४०१: नाव घेऊन बोला. आमच्या घरात ती पद्धत तीस वर्षांची आहे.

सी-३०२: आणि माझ्या आईचा दमा तीन वर्षांचा.

सचिव: कृपया विषयावर राहा 🙏

ए-४०२ (डॉक्टर): विषयच आहे हा. मी सात वर्षं गोवंडी-मानखुर्दला टीबीचं काम केलं. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाऊंडमध्ये इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर आहेत. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा अभ्यास आला: तिथे खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, कारण ऊन नाही, वारा नाही. जंतू हवेतून पसरतात. हवा खेळली की विरळ होतात, ऊन लागलं की मरतात. औषध मी देत होतो, पण पेशंट परत त्याच खोलीत झोपायला जायचा.

बी-६०२: डॉक्टर, ती पुनर्वसनाची वस्ती आहे. आपली तुलना तिच्याशी करू नका.

डॉक्टर: फुप्फुसाला पिनकोड कळत नाही. खालचे मजले आपल्यालाच आहेत, हे विसरू नका.

सचिव: महापालिकेचं कन्सेशन, म्हणजे सवलत आहे. मोकळी जागा कमी पडली की प्रीमियम (जादा शुल्क) भरून मंजुरी मिळते. सगळं कायदेशीर.

सी-१०४: प्रीमियम बिल्डर भरणार, अंधार आम्ही भोगणार. करारावर सही झालेली नाही. आर्किटेक्टकडून दोन गोष्टी लेखी मागा: २१ डिसेंबरला दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत ऊन किती तास येईल, आणि स्वयंपाकघराची हवा डक्टमधून जाणार की बाहेर. विक्रीचे फ्लॅट कमी करा, अंतर वाढेल.

बी-२०३: काकू, साखरेचं बोललो ते मागे घेतो. नव्या प्लॅनमध्ये आमचाही तिसरा मजला आहे.

सचिव: ठीक. रविवारी ११ वाजता विशेष सभा. बदलाला सहा महिने लागले तर भाड्याचं कोण बघणार, तेही बोलू.

सी-१०४: त्याआधी शनिवारी दुपारी २ वाजता माझ्या घरी या. ट्यूब बंद ठेवते. आर्किटेक्टलाही आणा, प्लॅन तिथेच वाचायला सांगू.

डॉक्टर: येतो.

नाना: मला जिन्याला हात द्या कुणीतरी.

ए-५०१: मीही येतो. पण पार्किंगचा मुद्दा सभेच्या मिनिट्समध्ये घ्या.