मदत हवी आहे: जर्मनचे डेर, डी, दास बोलताना चुकतात

जर्मनच्या ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या वर्गात आहे. लिहिताना आर्टिकल (नामाआधी लागणारा, लिंग दाखवणारा शब्द: डेर म्हणजे ‘तो’, डी ‘ती’, दास ‘ते’) बरोबर येतं, पण सरांनी उभं करून विचारलं की मराठीतलं लिंग आधी तोंडात येतं. काल सूर्याला ‘डेर झोनं’ म्हणाले, कारण आपला सूर्य ‘तो’. वर्ग हसला, मलाही हसू आलं. तिथे सूर्य ‘ती’ आणि मेडशेन, म्हणजे मुलगी, चक्क ‘ते’!

शेवटी ‘शेन’ असेल तर नपुंसकलिंग, ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’ असेल तर स्त्रीलिंग, हे पाठ आहे. तीन रंगांची कार्डंही केली. पण चमचा डेर, काटा डी, सुरी दास, याला नियम कुठला लावायचा? रोज अर्धा तासच मिळतो आणि घरी जर्मन बोलणारं कुणी नाही. शब्द आर्टिकलसकट सुटे घोकावेत, की पहिल्यापासून वाक्यातच?