आरसा हळू, प्रकाश नाही

ऑप्टिकल स्विच म्हणजे बारीक आरसे वळवून एका फायबरमधला प्रकाश दुसऱ्या फायबरमध्ये पाठवणारं यंत्र. त्याबद्दल एक शंका असते: ‘आरसा वळायला काही मिलिसेकंद लागतात, मग याला हाय-स्पीड कसं म्हणायचं?’ शंका रास्त आहे. पण आरसा दर पॅकेटला, म्हणजे डेटाच्या दर छोट्या तुकड्याला, वळतच नाही. रेल्वेच्या सांध्यासारखं आहे हे: एकदा सांधा लागला की गाड्या धडाधड जातात. सांधा बदलताना मात्र लाइन बंद. सेकंदाला १०० गिगाबिट वाहणाऱ्या लिंकवर १० मिलिसेकंद बंद म्हणजे तब्बल सव्वाशे एमबी डेटा अडला! म्हणून दर पॅकेटला वेगळी वाट दाखवणाऱ्या पॅकेट-स्विचची जागा हा आरशांचा स्विच घेणार नाही.

खरी गंमत दुसरीकडेच आहे. प्रकाशाचा विजेचा सिग्नल करायचाच नाही, त्यामुळे उद्या लिंक ४०० गिगाबिटची झाली तरी आरसा तोच. गूगलच्या डेटासेंटरमधला असा १३६ पोर्टांचा (फायबर जोडायच्या जागांचा) स्विच जास्तीत जास्त १०८ वॉट खातो, घरातल्या जुन्या दोन पिवळ्या बल्बांएवढे. त्याच्या एका चिपवर १७६ आरसे घडवतात आणि त्यातले चांगले १३६ वापरतात. आंब्याच्या पेटीतले डागी काढावेत तसं!

कल्पना तशी जुनीच. ल्युसेंट या टेलिकॉम उपकरणांच्या कंपनीचा लॅम्डाराउटर हा २५६ पोर्टांचा असाच आरशांचा स्विच २००० च्या सुमारास आला होता, पण टेलिकॉमचा फुगा फुटला आणि तोही गुंडाळला गेला.